बुवांकडून शिकताना

उभं राहून बोलायचं म्हटलं की माझा घसा अजूनही कोरडा पडतो. आरशासमोर सराव केला, पण आरसा कंटाळत नाही आणि कुजबुजतही नाही. म्हणून हल्ली मी मुद्दाम कीर्तनं ऐकते.

नारदीय कीर्तनाची बांधणी किती शहाणपणाची आहे! पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन विचार उलगडायचा, मध्ये नामाचा गजर, मग उत्तररंगात तोच विचार आख्यानातून डोळ्यांसमोर उभा करायचा. गजरात श्रोत्यांचा आवाज मिसळतो आणि तिथून पुढे ते नुसते ऐकणारे उरत नाहीत. माझ्या भाषणात लोकांना असा वाटा मी कधी देते? निदान एखादा प्रश्न विचारून उत्तराची वाट तरी पाहावी.

आजच्या कीर्तनात बुवांच्या थांबण्याकडे लक्ष दिलं. महत्त्वाच्या ओळीनंतर ते घाई करत नाहीत. पेटीवाले स्वर धरून ठेवतात, बुवा समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवतात आणि मगच पुढचं वाक्य येतं. मी मात्र शांतता पसरली की घाबरून ती शब्दांनी भरून टाकते. आत्मविश्वास आवाजाच्या चढण्यात नसून या थांबण्यात असावा, असं मला आता मनापासून वाटतं.

आवाजावरून आठवलं, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. वक्त्याला श्वास आणि उच्चार सांभाळावेच लागत असणार.

रविवारी वाचनालयात बोलायचं आहे. सगळं भाषण लिहून काढणार नाही. सुरुवातीचं वाक्य, एक गोष्ट आणि शेवट, एवढंच पाठ करते.