आकाशानं जागा सांगितली, गाव काकांनी

आमच्या पिढीत यवतमाळच्या घरांमध्ये पहिली गाडी आली ती बहुधा सेकंडहँड मारुती ओम्नी, नाहीतर इंडिका. गाडीसोबत रस्त्यांचा नकाशा मात्र कुणी घेतला नाही. तशी गरजच नव्हती. घरात एक जाणतं माणूस असायचं आणि पुढची सीट त्याची ठरलेली असायची. आमच्याकडे तो मान मोठ्या काकांचा.

काका कापूस एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते. ही योजना १९७२ साली सुरू झाली, आणि हंगामभर राळेगाव, पांढरकवडा, मारेगाव, आर्णी, पुसद अशी केंद्रं करत करत त्यांनी अख्खा जिल्हा पालथा घातला. त्यांना रस्ते किलोमीटरमध्ये नव्हे, फाट्यांमध्ये ठाऊक होते. कोणत्या फाट्यावर चहा बरा मिळतो, कोणत्या नाल्यावरचा रपटा श्रावणात पाण्याखाली जातो, कोणत्या जिनिंगची चिमणी दिसली की गाडी डावीकडे घ्यायची, सगळं तोंडपाठ.

पुसदला जायचं ठरलं की आदल्या रात्रीच वाद सुरू. दारव्ह्यावरून की आर्णीवरून? आई दारव्ह्याच्या बाजूची. त्या वाटेनं शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ कधी जवळ येत, कधी लांब जात, आणि तिचं लहानपण त्या गाडीत गेलेलं. काकांचं मत कायम आर्णीचं. दोन्ही रस्ते दिग्रसला येऊन मिळतात, त्यामुळे तिथून पुढे घरात शांतता असे.

आणि जिथं काकांचीही माहिती संपे, तिथं काच खाली करायची.

“भाऊ, घाटंजीचा रस्ता हाच न जी?”

“हाच. पण पुढं पूल खचला हाये. शाळेपासून उजव्या हातानं घ्या. कोणाकडं जाऊन राहिले?”

नाव सांगितलं की समोरचा हमखास म्हणणार, “अरे, ते तर आमच्या साळ्याचे व्याही!” मग पाणी, मग सुपारी. पोचायला उशीर व्हायचा, पण त्या उशिराची तक्रार करताना मी घरात कुणाला ऐकलं नाही.

२००९-१० च्या सुमाराला पुण्यात नोकरी करणाऱ्या दादानं दिवाळीत गाडीत लावायचं, रस्ता सांगणारं जीपीएस यंत्र आणलं. तळहाताएवढा पडदा, मागं रबरी वाटी. ती थुंकी लावून काचेवर दाबून बसवायची. उन्हात तापली की सुटून डॅशबोर्डवर पडायची. सिगारेट लायटरच्या भोकात वायर. अंगणातल्या कडुनिंबाखाली ते नुसतं उपग्रह शोधत राहायचं. गाडी मोकळ्यावर, फाटकाबाहेर काढली की सिग्नलची एकेक पट्टी उभी राहायची. मग आतून एक बाई इंग्रजीत बोलू लागायची. आजीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदर सावरला आणि विचारलं, “ही कोण बोलून राहिली?”

दिवाळीनंतर झरी-जामणी तालुक्यातल्या एका लग्नाला आम्ही ते यंत्र घेऊन निघालो. जोडमोहा, मोहदा, करंजी. तिथं नागपूर-हैदराबाद महामार्ग लागला आणि यंत्रानं कमालच केली. वळण किती मीटरवर आहे हे ते सांगायचं आणि तेवढ्याच अंतरावर वळण यायचं. काका पुढे बसून एकदा पडद्याकडे, एकदा बाहेर बघत होते. पांढरकवड्यापर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. मग म्हणाले, “बरोबर सांगते.” काकांच्या तोंडून ही मोठीच पावती होती.

पुढे महामार्ग सोडून आम्ही आत वळलो, आणि पडद्यावरचा रस्ता संपला. खाली पांढरं, वर पांढरं, मधोमध आमचा बाण, तेवढा चालत होता. बाई मागं फिरायला सांगत होती. गाडी मात्र चांगल्या डांबरी रस्त्यावर होती, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. तेव्हा काका बोलू लागले. हा अमका पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, पलीकडच्या टेकडीमागं दुसरा, हा नाला उन्हाळ्यातही आटत नाही, इथं कोलामांचा नाईक राहायचा आणि कापूस तोलून झाल्यावर मला कण्या-आंबील खाऊ घालायचा. पडदा कोरा होता आणि त्याच कोऱ्या जागेतलं एकेक नाव काका उच्चारत होते.

“आपण वरून दिसतो काय रे त्याईले?” त्यांनी दादाला विचारलं.

दादानं नीट समजावलं. उपग्रहांना काही दिसत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःचा ठिकाणा सांगत फिरतात. चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र स्वतःची जागा काढतं. हे अमेरिकन लष्कराचं तंत्र. सामान्य लोकांसाठी त्यात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, म्हणून ते गाडीत वापरण्याजोगं झालं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे आपण कुठं आहो ते त्याले समजते. त्या जागेचं नाव कोणीतरी सांगाच लागते.”

त्या वाक्यापाशी मी अजून अडकून आहे. बाण चुकला नव्हता. आम्ही होतो तिथंच तो होता. कमी होती ती माणसांनी भरायच्या भागात. जुन्या नकाशांचंही तसंच. आमच्या राळेगावच्या पलीकडे, वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट. १८०२ मध्ये मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली तिथंच वारला. त्याची कबर तिथं आहे. अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, डोंगरावर चढवणारे खलाशी, निशाणं धरून उभे राहणारे, गावांची नावं सांगणारे या भूमीतलेच लोक होते. नकाशा तेव्हाही आकाशातून उतरला नव्हता.

ते यंत्र पुढे कपाटात गेलं, कारण मोबाइलमध्येच सगळं आलं. या बदलातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट घरातल्या बायकांची आहे. आईला गाडी येत असून ती कधी जिल्ह्याच्या रस्त्यावर एकटी निघाली नाही. रस्ता सांगायला काका किंवा बाबा लागायचे. वहिनी मात्र उमरखेडला माहेरी स्वतः गाडी घेऊन जाते. आर्णी, महागाव, उमरखेड. मुलं मागं, फोन पुढं. आईनं पहिल्यांदा तिला एकटीला निघताना पाहिलं तेव्हा फाटकात बराच वेळ उभी होती. रस्ता विचारताना होणाऱ्या त्या ओळखी गेल्या, याचं मला वाईट वाटतं; पण त्या ओळखींसाठी वहिनीनं परत कुणाची वाट बघत बसावं, असं मी म्हणणार नाही.

उमरखेडच्या बंदी भागात, तिथल्या जंगलपट्ट्यात, मात्र अजूनही फोनवर विसंबू नये. रेंज गेली आणि नकाशा आधी उतरवून घेतला नसेल, तर बाण पुन्हा पांढऱ्यावर चालू लागतो. आणि कितीतरी पोड आणि तांडे अजून नावानं सापडत नाहीत. लग्नाला जाणारा विचारत विचारत पोचेल. रात्री बाळंतिणीला आणायला निघालेल्या १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला विचारायला रस्त्यावर कुणी नसतं.

काका आता नाहीत. त्यांनी त्या दिवशी सांगितलेल्या नावांपैकी मला जेवढी आठवली तेवढी मी नकाशावर टाकली आहेत. गूगल मॅप्सवर नसलेलं ठिकाण कुणालाही सुचवता येतं, ओपनस्ट्रीटमॅपवर तर पांदण रस्ताही स्वतः काढता येतो. तुमच्या घरात कुणी जुने ग्रेडर, एसटीचे वाहक, पोस्टमन, ग्रामसेवक असतील, तर येत्या सुटीत त्यांच्याजवळ बसा. फाटे, नाले, पोड, तांडे यांची नावं त्यांना विचारा आणि त्यांच्यासमोरच नकाशावर टाका.