अजिंठ्याच्या वाटेवर सहा बाटल्या

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब अजिंठ्याला जाऊन आलो. निघताना मुलांनी ठराव केला, वाटेत प्लॅस्टिक विकत घ्यायचे नाही. आईने जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, मुलांच्या आईने भाकरी-चटणी फडक्यात बांधली, स्टीलच्या दोन बाटल्या भरल्या. कल्याणहून रात्रीची गाडी, जळगावला उतरून एस.टी.

ठराव वाटेतच मोडला. बाटल्या रिकाम्या, थांब्यावरचा नळ कोरडा आणि धाकटी तहानलेली. दुकानात पाणी होते, पण विकतचे. संध्याकाळपर्यंत सहा बाटल्या झाल्या. आम्ही पडलो कारकून, खर्च टोचलाच. त्याहून मुलांची नजर टोचली.

फर्दापूरच्या तिठ्यावर खाजगी गाड्या थांबवतात. लेण्यांना धुराचा त्रास नको म्हणून पुढचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने जायचे. मनावर घेतले तर सरकारला जमते, हे इथे दिसते. वाघूर नदीच्या वळणावर कड्यात कोरलेली ३० लेणी! पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर आई बराच वेळ उभी राहिली. जिथे रंग उडाला आहे तिथे माती, भुसा, गवत कालवून केलेला गिलावा दिसतो.

तो पाहून मुलांना विनयपिटकातील गोष्ट सांगितली. राजा उदेनाने आनंदांना विचारले, दान मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची फाटली त्या भिक्खूंना देऊ. फाटक्यांचे काय? त्यांच्या चादरी, मग गादीच्या खोळी, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपू.

आई हसली. म्हणाली, "अरे, ही तर आपल्या गोधडीचीच गोष्ट!"

परतताना थांब्यावर एक बाई गोणीत बाटल्या वेचत होती. आमच्या सहा बाटल्या तिच्या हाती देताना मान वर होईना. इतरांनी फेकलेले कोणाचे हात उचलतात, हे आपल्या समाजाला सांगायला नको.

बंधू-भगिनींनो, महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. चांगलेच झाले. पण नळच कोरडा असेल तर गरिबाने नियम पाळायचा कसा? १९२७ साली पाण्यासाठी महाडला गेलेला समाज आपला. सार्वजनिक नळाला पाणी मागायला लाजायचे कशाला? घरी येताच आम्ही तसा अर्ज लिहून टाकला. तुम्हीही जिथे जाल तिथे एक अर्ज द्या. आणि पिशवी मात्र आईच्या लुगड्याचीच न्या.