मोरीचा हिशेब

गेल्या श्रावणात आमच्या दिल्लीतील भाड्याच्या बिऱ्हाडाची मोरी तुंबली आणि घाण पाणी उलटे घरात येऊ लागले. मी दोन माणसांना बोलावून आणले. बांबूच्या कामट्या घालून त्यांनी पाहिले. अडथळा पुढे, गल्लीतील गटारात होता. "आत उतरावे लागेल, बाबूजी. १००० रुपये," थोरला म्हणाला. यंत्राच्या गाडीवाल्याने ३००० सांगितले होते. मी कारकुनी सवयीने घासाघीस करून सौदा ८०० वर आणला.

धाकट्याने सदरा काढून कमरेला दोर बांधला. दारातून सौ.ने विचारले, "अहो, तो दोर कशाला?"

उत्तर मला ठाऊक होते. गटारातील विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. दोर त्याला वर ओढण्यासाठी. संरक्षक साधनांवाचून असा माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात दगावलेल्याच्या कुटुंबास ३० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. आणि त्याच जिवावर मी २०० रुपये वाचविले होते!

मी त्याला थांबविले व गाडी बोलाविली. ठरलेले ८०० दोघांच्या हातावर ठेवले, तेव्हा थोरला हळूच म्हणाला, "बाबूजी, उद्या सगळ्यांनीच गाडी बोलाविली, तर आम्ही काय करायचे?"

त्या कायद्याच्या नावातच 'पुनर्वसन' हा शब्द आहे. तो मी कितीदा वाचला होता. त्या दिवशी मात्र तो उच्चारण्याचे धैर्य मला झाले नाही.