चौऱ्याऐंशी हप्ते

रविवार, 7 सप्टेंबर 2025

आज रात्री खग्रास चंद्रग्रहण. आईने सकाळीच बजावलं, "बघायला जा, पण ग्रहणाच्या दिवशी बोलणी करू नका." म्हणून नुसतीच बघून आलो. हायवेवरचं शोरूम, सात आसनी डिझेल एसयूव्ही, काळी. स्टिअरिंगवर हात ठेवला तेव्हा छातीत धडधडलं, हे इथे लिहून ठेवतो. बावन्न वर्षांचा झालो, अकरा वर्षं एकच छोटी हॅचबॅक वापरली. पाटणच्या वरच्या वाडीला, आमच्या गावी, पावसाळ्यात जाताना तिचं पोट दगडांना घासतं. मोठी गाडी हवी, ही इच्छा खोटी नाही.

किमतीचं कारणही जुळून आलंय. 3 तारखेला जीएसटी परिषदेने ठरवलं की अशा मोठ्या गाड्यांवरचा 28 टक्के कर आणि 22 टक्के सेस जाऊन एकच 40 टक्के कर लागेल, 22 तारखेपासून. 26 लाख 80 हजारांची गाडी 25 लाखांवर येते. उद्यापासून पितृपक्ष, तोही 21 लाच संपतो. म्हणजे हातात पंधरा दिवस आहेत.

मंगळवार, 9 सप्टेंबर

फायनान्स बघणाऱ्या मुलाने कोटेशन पाठवलं. एक्स-शोरूम 25 लाख. रोड टॅक्स 3 लाख 75 हजार, कारण आपल्या राज्यात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला 15 टक्के. दहा लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस, म्हणजे 25 हजार (हे विवरणपत्र भरताना करातून वळते होतात, निदान ते तरी). विमा 1 लाख 20 हजार. नोंदणी, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज मिळून 80 हजार. ऑन-रोड बरोबर 31 लाख.

आमच्याकडे जमवलेले 7 लाख आहेत. मुलगा म्हणाला, "सर, सात भरा, चोवीसचं लोन करून देतो. सात वर्षं, फक्त साडेपाच टक्के."

साडेपाच टक्के? घराचं कर्जही इतक्या स्वस्तात मिळत नाही.

बुधवार, 10 सप्टेंबर

साडेपाच टक्के 'फ्लॅट' आहेत. बारावी कॉमर्सला मी वार्षिकी शिकवतो, तरी काल क्षणभर भुललो. फ्लॅट म्हणजे सातही वर्षं व्याज मूळच्या चोवीस लाखांवरच. सहाव्या वर्षी मुद्दल पाच-सहा लाखांवर आलेलं असलं तरी व्याज चोवीस लाखांचंच द्यायचं. व्याज 9 लाख 24 हजार, हप्ता 39,571. घटत्या मुद्दलावर हाच दर काढला तर पावणेदहा टक्क्यांच्याही किंचित वर जातो.

आमच्या पगाराच्या बँकेत विचारलं. घटत्या मुद्दलावर 9 टक्के, हप्ता 38,614. नऊचा आकडा साडेपाचपेक्षा स्वस्त निघाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा प्रत्येक कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. ते मी दोन्हीकडे मागितलं. बँकेने संध्याकाळी दिलं. दुसरीकडून "सर, बुकिंग करा, मग देतो" असं उत्तर आलं. कागद आधी आणि सही नंतर, हा क्रम मी कुणासाठीही बदलणार नाही.

शुक्रवार, 12 सप्टेंबर

हिने रात्री जेवताना विचारलं, "अहो, शेवटचा हप्ता कधी?"

नोव्हेंबर 2025 पासून चौऱ्याऐंशी महिने, म्हणजे ऑक्टोबर 2032. मी निवृत्त होणार मे 2031 मध्ये. सतरा हप्ते पेन्शनमधून. इतक्या बेरजा केल्या आणि ही एक वजाबाकी राहिली होती.

पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता 49,820. व्याज 8 लाख 44 हजारांवरून 5 लाख 89 हजारांवर येतं, पण दर महिन्याला जवळजवळ पन्नास हजार देणं आम्हाला झेपत नाही.

मग हिनेच उपाय काढला. या महिन्याच्या पगारातून 38,614 आजच वेगळ्या खात्यात टाकायचे आणि हप्ता गेला असं समजून घर चालवायचं. टाकले.

रविवार, 14 सप्टेंबर

आज जे दिसलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आमचे सात लाख जातात कुठे? सहा लाख तर टॅक्स, विमा आणि किरकोळीतच संपतात. गाडीत उतरतो तो फक्त एक लाख. म्हणजे पंचवीस लाखांची गाडी जवळपास सगळीच कर्जाची. आणि विम्यात गाडीची घोषित किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती एक्स-शोरूम किमतीवरून ठरलेल्या घसाऱ्याने उतरते. दोन वर्षं झाली की 30 टक्के घट, तीन वर्षं झाली की 40 टक्के. दोन वर्षांनी आयडीव्ही साडेसतरा लाख, तेव्हा कर्ज शिल्लक 18 लाख 60 हजार. तीन वर्षांनी आयडीव्ही पंधरा लाख, कर्ज साडेपंधरा. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गाडी चोरीला गेली किंवा घाटात पूर्ण मोडली, तर विम्याचे पैसे बँकेला देऊनही लाखभराचं देणं अंगावर राहील. आणि दारात गाडी नसेल.

पूर्ण किंमत देणारं वेगळं कवच मिळतं, पण ते साधारण पहिल्या काही वर्षांपुरतं आणि जादा हप्ता घेऊन. दुखणं विम्याचं नाही. गाडीची किंमत उतरते त्या वेगाने कर्ज उतरत नाही, हे दुखणं आहे.

बुधवार, 17 सप्टेंबर

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडून टाका, कर्जच नको. ठेवीवर साडेसहा टक्के मिळतात, त्यावर कर. कर्जावर नऊ द्यायचे. त्यांचा हिशेब बरोबर आहे. पण ती ठेव गाडीची नाही. हा विषय बंद.

दुसऱ्यांनी सांगितलं, आता कर्ज लवकर फेडलं तर दंड लागत नाही. अर्धंच खरं आहे. तो नियम 1 जानेवारी 2026 पासूनच्या, त्यातही बदलत्या दराच्याच कर्जांना लागू आहे. आम्हाला मिळतंय ते कर्ज स्थिर दराचं.

शनिवार, 20 सप्टेंबर

जुन्या गाडीचा मीटर पाहिला. 88,214. अकरा वर्षांत वर्षाला आठ हजार किलोमीटर, महिन्याला सहाशे सदुसष्ट. नवी गाडीही तेवढीच फिरेल, कारण माझं कॉलेज, हिची शाळा, मुलीचं पुण्याचं वसतिगृह आणि वाडी जिथे आहेत तिथेच आहेत. 38,614 भागिले 667. किलोमीटरला 58 रुपये फक्त हप्त्याचे. डिझेल, टायर, सर्व्हिसिंग, दरवर्षीचा विमा वेगळा.

हा आकडा मी हिला दाखवला. ती काही बोलली नाही, कागद घडी करून डब्याखाली ठेवला.

सोमवार, 22 सप्टेंबर. घटस्थापना

नवे दर लागू झाले. शोरूममधून तीन फोन आले. आईला घेऊन गेलो, एकदा बसवून बघावं म्हणून. पायरी उंच. उजवा गुडघा वाकेना, दोघांनी धरून चढवलं. उतरताना ती माझा खांदा घट्ट धरून म्हणाली, "छान आहे रे गाडी. तू घे." मला परत येईपर्यंत काही बोलता आलं नाही.

शनिवार, 27 सप्टेंबर

वेगळ्या खात्यातून आतापर्यंत 14,500 काढले. मुलीच्या मेसचे साडेआठ हजार, आईच्या फिजिओथेरपीचे सहा. सण अजून यायचाय. खरा हप्ता असता तर हे पैसे क्रेडिट कार्डावर चढले असते. पंधरा दिवसांच्या तालमीने निकाल दिला.

मला अजूनही ती गाडी आवडते. ज्याचे तीस लाख सहज बाजूला पडतात किंवा ज्याचा रोजचा धंदा त्या गाडीवर चालतो, त्याने जरूर घ्यावी. आम्ही घेतली तर सात वर्षं तिच्यासाठी कमवत राहू. हे मला मान्य नाही.

मंगळवार, 30 सप्टेंबर

चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी ठरवली. तिचा कर आता 18 टक्के. एक्स-शोरूम साडेनऊ लाख, दहाच्या आत म्हणून टीसीएस नाही, रोड टॅक्स 11 टक्के. ऑन-रोड अकरा लाख वीस हजार. आम्ही 6 लाख 20 हजार भरणार, पाच लाख कर्ज. तीन वर्षं, हप्ता 15,900, एकूण व्याज 72 हजार. कर्ज पहिल्या दिवसापासून आयडीव्हीच्या बरंच खाली.

वाडीच्या शेवटच्या चढाला पावसाळ्यात भाड्याची जीप करायची. वर्षातून पाच-सहा वेळा.

गुरुवार, 2 ऑक्टोबर. दसरा

अकरा वाजता गाडी घरी आली. हिने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आई कुणाचाही हात न धरता पुढच्या सीटवर बसली. आरसीवर बँकेचा बोजा चढेल तो 36 महिन्यांचा. शेवटचा हप्ता ऑक्टोबर 2028.