गाडाभर कांदा

२०२३ च्या गणपतीत विंचूरच्या एका गल्लीत बकासुराचा देखावा पाहिला. गोष्टीत त्याच्यापुढं गाडाभर अन्न जातं. इथं गाड्यात चाळीतला उन्हाळ कांदा भरला होता. पाटी नाही, घोषणा नाही. महिन्यापूर्वीच केंद्रानं कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलेलं, आणि आता व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवलेले. शेजारच्या बाबांनी बकासुराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि नुसती मान हलवली.

मला जपानचा उतागावा कुनियोशी आठवला. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, चालू राजकारणावर चित्र छापायला बंदी होती. १८४३ साली त्यानं दंतकथेतला आजारी योद्धा योरिमित्सू लाकडी ठशांतून छापला. मागं भलामोठा कोळी, वर अंधारात भुतांची झुंड. तेन्पो सुधारणांनी तेव्हा चैनीवर, नाटकांवर टाच आणली होती. लोकांनी झोपलेल्या योद्ध्यात शोगुन ओळखला, एका सरदाराच्या अंगावरच्या चिन्हावरून त्या सुधारणा आणणारा मंत्री मिझुनो तादाकुनी ओळखला आणि भुतांत स्वतःला. प्रकाशकानं घाबरून चित्रं मागं घेतली.

ही विद्या विंचूरला नवी नाही. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचा पुण्यात विंचूरकर वाडा. तिथं १८९४ साली टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला. सभेत बोलता येत नव्हतं ते पुढं मेळ्यांच्या पदांत आलं. १९०७ साली खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं. कीचकात माजी व्हाइसरॉय कर्झन पाहायला प्रेक्षकाला कुणी शिकवलं नव्हतं. नाटकावर बंदी आली ती १९१० मध्ये.

त्याच १८९४ साली जपान चीनशी लढायला उतरला आणि ठशांची चित्रं उघडपणे युद्ध दाखवू लागली. तोफा, बर्फ, शूर जपानी, पळणारे चिनी. खपली धडाधड. पण त्यांत बघणाऱ्यानं ओळखावं असं काही उरलं नव्हतं. जयजयकार तेवढा करायचा होता. मुखवटा भीतीपोटी चढतो हे खरंच. पण अर्धं चित्र तो बघणाऱ्याच्या हाती सोपवतो, आणि ते पुरं करणारा गुन्ह्यात सामील होतो. बाबांची मान हलली ती त्या सामिलकीची सही होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कुणीतरी बकासुराच्या गळ्यात ‘सरकार’ अशी पाटी अडकवली होती. लोक ती वाचत होते आणि पुढं जात होते.