बॅनरवरचे धरण आणि धवलेश्वरमचे लॉक

जयंतीच्या बॅनरसाठी आम्ही ओळ लिहिली होती : 'हिराकूड व दामोदर धरणांचे निर्माते डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. मारुंजीतल्या आमच्या ग्रुपवर ती फिरली, सगळ्यांनी निळे झेंडे टाकले. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीने तेवढे विचारले, "दादा, 1945 ला जो केंद्रीय आयोग झाला, त्याच्या नावात सिंचनाबरोबर जलमार्ग आणि नौकानयनही आहे. ते कशाला?" आम्ही समाजशास्त्राचे एम.ए., इतकी वर्षे वस्त्यांमध्ये काम करतो, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

मग खंड 10 उघडला. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी परिषद भरली होती. तिथे मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी केलेले भाषण त्यात आहे. पुराचे पाणी म्हणजे केवळ संकट, ते लवकर समुद्रात घालवा, ही जुनी समजूत ते खोडून काढतात. पाणी ही संपत्ती आहे, ती अडवा. आणि अडवायची तर सिंचन, वीज, जलवाहतूक अशी सगळी कामे तिच्याकडून घ्या. याच ओघात ते सर आर्थर कॉटनचे नाव घेतात. रेल्वे की कालवे या वादात कॉटन कालव्यांच्या बाजूने लढला आणि रेल्वेवाले जिंकले.

हा कॉटन आपल्या गोदावरीवरचाच. ज्या नदीकाठच्या नाशकात 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तीच नदी पुढे आंध्रात राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला पोचते. तिथे 1847 ते 1852 या काळात त्याने बंधारा घातला. नदीला आडवी भिंत आली की नाव अडते, म्हणून तिथे लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला अरुंद हौद. नाव खालून आत येते, मागचे दार लागते, वरच्या अंगाचे पाणी हळूहळू आत सोडतात. पाण्याबरोबर नाव उचलली जाते, मग पुढचे दार उघडते. पंप नाही, इंजिन नाही. डेल्टातले कालवे शेतही भिजवत आणि मालही वाहत.

वर दुम्मागुडेमलाही बंधारा आणि लॉक झाले. तिथून सिरोंचावरून वर्धा नदीपर्यंत जलमार्ग न्यायचा बेत होता. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, 1871 ला ते काम सोडून दिले. कॉटनला डोक्यावर घ्यायचे कारण नाही; विदर्भाचा कापूस साहेबाच्या गिरण्यांसाठीच हवा होता. पण एका पाण्याकडून अनेक कामे घेण्याची ती रीत बाबासाहेबांनी देशाच्या धोरणात आणली, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आमच्या जवळची मुळा नदी बघा. मुळशीला धरण झाले ते टाटांच्या विजेसाठी. 1921 ला मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी जमिनी बुडाल्याच. पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघराकडे जाते आणि इकडे आमच्या सोसायट्या अन् वस्त्या टँकरची वाट बघतात. सोसायटीला टँकर निदान विकत मिळतो.

आता 'निर्माते' हा शब्द. बाबासाहेब 1946 ला मजूरमंत्रिपदावरून गेले, हिराकूडचे उद्घाटन 1957 चे. त्यांनी धोरण घडवले, भिंत बांधली नाही. आणि धरण आपलेच म्हणायचे तर त्याच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचा जाबही आपल्यालाच द्यावा लागेल. तो द्यायची तयारी नसेल तर ही ओळ नुसती मिरवायची राहते. ग्रुपवर हे लिहिल्यावर दोघे चिडले. बाबासाहेबांचे श्रेय आपणच कमी करतो म्हणाले. त्यांना आम्ही कटकचे भाषण पाठवले. एकाने रात्री अडीचला उत्तर दिले, "वाचतोय."

फ्लेक्स तोवर छापून झाला होता. दुसऱ्याचे पैसे वर्गणीतून न घेता आम्ही भरले. नव्यावर 'देशाच्या जलधोरणाचे शिल्पकार' असे आहे. रविवारी विहारात ती मुलगी दोन बादल्या आणि एका पाइपावर लॉक करून दाखवणार आहे. नाव कागदाची.