कासच्या पठारावर, गुडघे टेकून

मागच्या जुलैत माझ्या मामेभावाने कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरून फोटो पाठवले. तिथल्या पॅसिफिक रिम राष्ट्रीय उद्यानात दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट केली आहे, तिच्यावरून तो चालत होता. एका फोटोत फळीच्या कडेला चिकट थेंबांनी भरलेलं लालसर, इवलंसं रोप होतं. खाली लिहिलं होतं, 'किडे खाणारं झाड!' माझ्या आठ वर्षांच्या लेकीचा लगेच प्रश्न, "आपण कॅनडाला कधी जायचं?"

बाबा चष्मा पुसत होते. म्हणाले, "कॅनडा कशाला? कासला जाऊ. असली दवाची रोपं आमच्या गुरांच्या पायाखाली असायची."

आमचं मूळ गाव साताऱ्याजवळ, मेढ्याकडचं. बाबा नोकरीसाठी सुरतला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म, शाळा, बीई सगळं इथलं. गाव म्हणजे माझ्यासाठी मे महिन्यातले आठ दिवस, आणि मे महिन्यात कासला बघायला काय, तर नुसता तापलेला खडक. पावसाळ्यात आम्ही कधी गेलोच नव्हतो.

सप्टेंबरच्या शेवटी सुरतहून पुण्याला रेल्वेने आणि पुढे गाडीने गेलो. बरोबर नानखटाई आणि ठेपले होतेच. साताऱ्यापासून कास साधारण पंचवीस किलोमीटर. हंगामात प्रवेशासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मी मोबाइलवर ती करत असताना बाबा गप्प होते. मग म्हणाले, "ज्या पठारावर मी गुरं राखली, तिथं तिकीट?" मला काही उत्तर सुचलं नाही.

पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर. पाऊस धो धो पडतो, पण खडक ते पाणी मुरू देत नाही. त्यामुळे पावसाळाभर दलदल आणि जानेवारीनंतर वाळवंट. पाण्याबरोबर मातीतला कसही वाहून जातो, नायट्रोजन तर फारच कमी उरतो. मग काही वनस्पती ती उणीव किडे खाऊन भरून काढतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीत कासही आहे. पण गर्दी असते ती तेरड्याच्या गुलाबी आणि सोनकीच्या पिवळ्या गालिच्यापुढे, सेल्फीसाठी.

आम्हाला हवं होतं ते पायाशी होतं. बाबा वाटेवरच उकिडवे बसले आणि बोट दाखवलं. एक रुपयाच्या नाण्याएवढं लाल चक्र, प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. हा दवबिंदू. थेंब पाण्याचा नसून डिंकासारखा चिकट. किडा अडकला की केस त्याच्यावर वाकतात आणि पान त्याला पचवतं. एका पानावर चिलटाचे नुसते पंख उरले होते. लेक पाच मिनिटं हलली नाही, हा आमच्या घरचा विक्रम!

जवळच निळी-जांभळी फुलं होती, सीतेची आसवं. इतकं नाजूक नाव, पण झाड पक्कं शिकारी. चिखलात त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यातलं पाणी बाहेर टाकून ते आत कमी दाब तयार ठेवतं. दारावरच्या केसाला पाण्यातल्या एखाद्या सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि तो आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आमच्या भाषेत इव्हेंट लिसनर. एवढा रिस्पॉन्स टाइम माझ्या एकाही प्रोजेक्टला मिळालेला नाही.

आणि हे सगळं लेकीला समजावता समजावता, तिचा फोटो नीट यावा म्हणून मी वाट सोडून दोन पावलं मागे सरकलो. बाबांनी दंड धरून ओढलं. जिथे मी उभा होतो तिथे बुटाचा ठसा, त्यात साचत चाललेलं पाणी आणि तळाशी चिखलात रुतलेली तीन-चार लाल चक्रं. लेक माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, तुमची गुरंही तुडवायचीच ना?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुडवायची. पण गवतही खायची. गवत कमी असलं की ही बारकी रोपं वर यायची. आमची वीस गुरं होती रे, आणि इथं एका रविवारी माणसं किती?"

चराई थांबल्यावर गवत माजतं, असं काही अभ्यासकही म्हणतात. बाबांनी त्यातलं काही वाचलेलं नाही.

परतताना ते फाटकाशी थांबले. तिथे पावत्या तपासणारा मुलगा आसपासच्याच गावातला निघाला. प्रवेशाचं काम तिथल्या गावांच्या समितीकडे असतं. बाबांनी त्याला वाडी विचारली, आजोबांचं नाव विचारलं, आणि ओळख निघालीच. नानखटाईचा अख्खा डबा त्याच्या हातात गेला.

तिकिटाबद्दल मग बाबा काही बोलले नाहीत. लेक गाडीत माझे बूट उलटे करून तळवे तपासत होती.